गाद्यांवाल्या लंकाबाई

काष्टीत ज्याला लंकाबाई ठाऊक नाहीत तो एक तर शनिवारच्या बाजाराला पहिल्यांदाच आलेला असतो, नाही तर त्याच्या घरात अजून कुणाचं लग्न निघालेलं नसतं. इथे लग्न ठरलं की पहिला निरोप भटजींना जातो आणि दुसरा लंकाबाईंना. भटजींना तारीख विचारतात, लंकाबाईंकडे गाद्या मागतात. भटजी दुसरे मिळतात.

त्यांच्या घराच्या मागच्या अंगाला एक खोली आहे आणि त्या खोलीत जमिनीपासून पत्र्यापर्यंत गाद्याच गाद्या. कापसाच्या, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाच्या, प्रत्येकीच्या एका कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली. ही फुली म्हणजे लंकाबाईंची सही. भावकीतलं लग्न असो, सप्ताहातले कीर्तनकार असोत की कुणाचा दहावा, पाहुणा निजणार तो लंकाबाईंच्या फुलीवर.

भाडं त्या घेत नसत. भाडं घेतलं की तो धंदा झाला, आणि लंकाबाईंना धंदा करायचा नव्हता, मान हवा होता. मान भाड्यापेक्षा महाग पडतो हे गावाला लवकरच कळलं. हळदीला पहिलं बोट त्यांचं, वरमाईच्या शेजारची खुर्ची त्यांची, आणि फोटोत त्या मधोमध. एका घरानं त्यांना आहेराची साडी जरा हलकी नेसवली, तर त्याच घरच्या बारशाला गाद्या मिळाल्या नाहीत. गाद्या उन्हात टाकल्यात, असं उत्तर गेलं. बाहेर पाऊस पडत होता.

गाद्या परत आल्या की खोळी तेवढ्या धुतल्या जात. गादी उलगडून, शिवण बोटानं उचकून कुणी बघत नसे. आपल्या घरून गेलेली वस्तू घाण होऊन येऊच शकत नाही, अशी लंकाबाईंची समजूत होती. ती कुठल्या लग्नात कुणाच्या अंथरुणाला लागून पडली होती, मंगल कार्यालयाच्या कुठल्या कोपऱ्यात आठवडाभर लोळत होती, हे विचारणं म्हणजे स्वतःच्या फुलीवर संशय घेणं. आला टेम्पो, लावली थप्पी, घातलं कुलूप.

अशा या घरात कल्याणचं लग्न झालं. कल्याण हा लंकाबाईंचा एकुलता एक. कांदा, लिंबं आणि गोठा बघतो, आणि आईपुढे बोलायची वेळ आली की गोठ्यातलं काहीतरी काम त्याला आठवतं. सून स्नेहल, संगमनेरची, शेतकीची पदवी घेतलेली. शेतीत शिकायचं काय असतं, हा प्रश्न लंकाबाईंनी बघण्याच्या कार्यक्रमातच विचारून ठेवला होता. आणि त्यावर कडी म्हणजे स्नेहलच्या वडिलांनी आंदणात पलंगाबरोबर एक गादी दिली. फोमची, दुकानातली, प्लास्टिकच्या वेष्टनातली. लंकाबाईंच्या घरी गादी! व्याह्यांना यात अपमान दिसला नाही, कारण ते साधे, दूध संघात नोकरी केलेले गृहस्थ. मुलीला पलंग दिला तर त्यावर गादी द्यावी इतकंच त्यांना कळलं. लंकाबाईंना मात्र तो टोमणा वाटला आणि त्यांनी तो जपून ठेवला.

स्नेहल बाळंतपणाहून परत आली ती पाच महिन्यांच्या ओमला घेऊन. फोमवर पोराची पाठ धरते, असं वैद्यकशास्त्र काढून लंकाबाईंनी त्या फोमच्या गादीवर मागच्या खोलीतल्या आपल्या दोन गाद्या अंथरल्या. पोराला ऊब पाहिजे. सुनेनं एकदा नको म्हणून बघितलं. मग अंथरल्याच.

महिन्याभरात ओमच्या पाठीवर, मानेवर लाल गांध्या उठू लागल्या. एकाला लागून एक, तीन-तीन ओळीनं, जणू कुणी शिवणीचे टाके घातलेत. लंकाबाईंनी निदान केलं: उष्णतेचं पित्त. दुसऱ्या आठवड्यात निदान बदललं: सून अंडी खाते. तिसऱ्या आठवड्यात नजर. मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, अंडी बंद झाली, श्रीगोंद्याच्या डॉक्टरांनी मलम दिलं, आणि पोरगं रोज सकाळी नव्या टाक्यांसह उठत राहिलं.

स्नेहलला मात्र नजरेपेक्षा चादरीवरचे तांबूस ठिपके जास्त महत्त्वाचे वाटले. तिनं एका दुपारी मोबाईलचा टॉर्च लावला, पलंगाच्या फळ्या सरकवल्या आणि सांधा न् सांधा बघितला. बॉलपेननं टिंबं द्यावीत तसे काळे ठिपके. कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ अशा टाकलेल्या काती. आणि फळीच्या खाचेत मसुराच्या दाण्याएवढे, चपटे, तपकिरी, दिवसाढवळ्या निवांत बसलेले. तिनं एक कागदावर घेतला, स्वयंपाकघरात नेऊन सासूपुढे धरला आणि म्हणाली, "आई, हे पित्त नाही. ढेकूण आहेत."

आता खरं सांगायचं तर ढेकूण हा काही पाप-पुण्याचा विषय नाही. त्याला घर झाडलेलं आहे की नाही याच्याशी कर्तव्य नसतं. त्याला माणूस पाहिजे, आणि एका घरातून दुसऱ्या घरात न्यायला एखादी पिशवी, पेटी किंवा गादी. पण हे लंकाबाईंना कोण सांगणार? त्यांच्या लेखी ढेकूण म्हणजे घराण्याची चौकशी.

त्या म्हणाल्या की त्यांच्या घराण्यात ढेकूण नाहीत, कधी नव्हते. मग हे आले कुठून, असं स्नेहलनं विचारलं. ते तर उघड होतं. संगमनेरहून आले. फोमच्या गादीतून.

त्या फोमच्या गादीला कुणी टॉर्च लावला नाही. दुपार सरायच्या आत ती ट्रॉलीत टाकून बांधावर नेली आणि रॉकेल ओतून पेटवली. तिच्यावर अंथरलेल्या फुलीच्या दोन गाद्या मात्र लंकाबाईंनी आधीच बाजूला काढल्या, झटकल्या आणि मागच्या खोलीत थप्पीवर परत ठेवल्या. त्या आपल्या होत्या, त्यांचा काय दोष?

उरलेलं काम त्यांच्या यजमानांनी केलं. राधाकृष्ण हे शांत गृहस्थ. जगातल्या कुठल्याही किडीवर त्यांच्याकडे एकच उपाय, पाठीवरचा पंप. कांद्यावरच्या फुलकिड्यांसाठी आणलेलं औषध त्यांनी ढेकणांचा मान राखून जरा जास्त कडक केलं आणि खोलीभर मारलं. भिंती, पलंग, उशा. खोलीला वास असा सुटला की दारातून जाताना डोळ्यांना पाणी. ओमला खोकला लागला, रात्रभर गेला नाही. स्नेहलनं सासऱ्यांना सांगितलं की हे औषध शेतात मारायचं असतं, माणसं निजतात तिथं नाही, बाटलीवरच लिहिलंय. सासरे म्हणाले, कीड ती कीड. ढेकणांचं मत मात्र सुनेच्या बाजूचं असावं. त्यांनी शेजारच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं.

होळीच्या आधी स्नेहल ओमला घेऊन माहेरी निघाली. भांडण नाही, आदळआपट नाही. गाडीत बसताना कल्याणला एवढंच म्हणाली, "ढेकूण गेले की येईन असं मी म्हणत नाही. ते आज ना उद्या जातील. माझ्या वडलांच्या गादीतून ते आले नाहीत, एवढं आई ज्या दिवशी चार माणसांत म्हणतील त्या दिवशी फोन कर. तोवर ओम इथं निजणार नाही."

कल्याणला गोठ्यात काम आठवलं.

गावाला लंकाबाईंनी सांगितलं, सून विसाव्याला गेलीय. गावानं मान डोलावली आणि आपापलं अनुमान काढलं. इकडे घरात रोजचा प्रकार सुरू होता. सुनेची गादी जळाली, सून गेली, सुनेचं पोर गेलं, आणि चावे लंकाबाईंना होऊ लागले. त्या म्हणायच्या डास. डास काय ओळीनं चावतात? पण डासाला घराणं नसतं, म्हणून डासच. त्यांनी खोली बदलली, ते बरोबर आले. ओट्यावर बाज टाकली, ते बाजेच्या सुतळीत शिरले. शनिवारच्या बाजारात कांद्याच्या पोत्याला टेकून त्या पाठ घासायच्या आणि कुणी बघितलं की कांद्याचा भाव विचारायच्या.

संध्याकाळी कल्याणच्या मोबाईलवर संगमनेरहून ओम दिसायचा. रांगायला लागला होता. काचेपलीकडे रांगत यायचा, नाक काचेला लावायचा आणि मग फोन पडायचा. पाठ गुळगुळीत झाली होती, एक गांधी नाही. लंकाबाई म्हणायच्या, हवापालट मानवलाय त्याला.

चैत्रातल्या एका दुपारी त्यांनी ठरवलं की आपल्या अंथरुणालाच काहीतरी लागलंय, मागच्या खोलीतली एखादी धड गादी काढावी. कुलूप काढलं. खोलीत एक गोडसर, कुबट वास होता, कुजक्या कोथिंबिरीसारखा. तो त्यांना गेल्या दिवाळीपासून ओळखीचा होता आणि त्यांनी त्याचं नाव "जुना कापूस" असं ठेवलेलं होतं. मधली एक गादी ओढली. ती उलगडली. फुलीच्या चारी अंगांना, लाल दोऱ्याच्या कडेकडेनं, पंगत बसल्यासारखे बसलेले होते. मोठे, लहान, तिळाएवढी पिल्लं, शिवणीत पांढरी अंडी. दुसरी उलगडली, तीच गत. सुनेच्या पलंगावरून झटकून आणलेल्या दोन तर बघवतच नव्हत्या. आणि तळाची, गेल्या वैशाखात एका लग्नाहून आलेली, जी त्यांनी तेव्हापासून उलगडलीच नव्हती, तिच्या शिवणी काळ्याशार होत्या.

लंकाबाईंना हिशेब मांडायला वेळ लागला नाही, बाई हुशार आहे. गेल्या वैशाखात ही तळाची परत आली. त्यानंतर तिच्यावर रचलेल्या इथूनच किती घरी गेल्या? दिवाळीला, सप्ताहाला, तुळशीनंतरच्या साऱ्या लग्नांना. म्हणजे भावकीत त्यांनी नुसता मान नाही मिळवला, घरोघर वाटपही केलं.

त्यांनी काय करावं? त्यांनी गाद्या जशा होत्या तशा रचल्या, कुलूप घातलं, किल्ली खिळ्याला अडकवली आणि स्वयंपाकाला लागल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. शहाणी माणसं बहुधा असंच करतात.

आणि मग आठवड्यानं पुंजाराम आले. पुंजाराम हे राधाकृष्णांचे चुलतभाऊ, त्यांची मुलगी रुपाली, तिचं लग्न दोन दिवसांवर. टेम्पो अंगणात लावला, बरोबर बायको मुक्ताबाई आणि भावकीतली दोन माणसं गाद्या उचलायला. वऱ्हाड दौंडचं, पाहुणे बारामतीपर्यंतचे. समद्या लागतील वहिनी, असं म्हणून पुंजाराम ओट्यावर टेकले. चहा आला.

लंकाबाई म्हणाल्या, खोळी धुवायला टाकल्यात. पुंजाराम म्हणाले, बिनखोळीच्या चालतील, वर चादरी घालू. लंकाबाई म्हणाल्या, किल्ली कल्याण घेऊन गेलाय. कल्याण गोठ्याच्या दारात उभा होता. किल्ली खिळ्याला होती, सगळ्यांना दिसत होती. या खेपेला त्याला गोठ्यातलं काही आठवलं नाही. तो आईकडे बघत तसाच उभा राहिला.

वऱ्हाडाची कणव आली म्हणून त्या बोलल्या, असं लिहायला बरं वाटलं असतं. तसं काही नाही. दौंडचे पाहुणे खाजवत घरी गेले असते तर लंकाबाईंची झोप उडाली नसती, ती आधीच उडालेली होती. पण अंगणात चार माणसं होती. पुंजाराम, मुक्ताबाई आणि ती दोघं. सून म्हणाली होती, चार माणसांत. आणि एवढी चार माणसं त्यांच्या अंगणात पुन्हा जमायची ती पुढच्या लग्नाला. तोवर ओम चालायला लागला असता, तेही काचेतच.

"भाऊजी," लंकाबाई म्हणाल्या, "टेम्पो रिकामा न्या. गाद्यांत ढेकनं हायती."

मग त्यांनी उरलेलंही सांगून टाकलं, एका दमात, कुणी मधे बोलायच्या आत. "आन आजची न्हाईत. गेल्या वैशाखापासनं हायती. सुनेच्या गादीत न्हवती. तिच्या बापानं दिलेली गादी चांगली हुती. ती आमी जाळली आन ह्या ठिवल्या."

पुंजारामांनी चहाचा कप खाली ठेवला आणि ओट्यावरून उठून उभे राहिले, जरा घाईनंच. मुक्ताबाई मात्र हलल्या नाहीत. त्यांनी हळूच दंडावरचा पदर सारला. दंडावर तीन-तीन गांध्यांच्या ओळी.

"म्हंजी हे पित्त न्हवं व्हय, अक्का?"

"न्हवं."

"वांगं सोडलं मी. शेंगदाना सोडला. दिवाळीपासनं अळनी खातीया, तीन डाक्टर केले." मुक्ताबाईंचा आवाज चढला नाही, तेच जास्त वाईट होतं. "तुमच्या घरनं आले आन तुमीच मला पित्ताचा काढा धाडलाव."

काढा धाडला होता, हे खरं. वर मधही घालून.

इथे कुणी लंकाबाईंना कवटाळलं नाही. खरं बोलली म्हणून कौतुक केलं नाही. टेम्पो रिकामा गेला आणि संध्याकाळपर्यंत साऱ्या काष्टीला कळलं. जी घरं गेलं वर्षभर गुपचूप खाजवत होती, उष्णतेचं औषध घेत होती, सुनांच्या माहेरांना नावं ठेवत होती, त्यांना आता एकच नाव मिळालं. प्रत्येक घराला ढेकूण लंकाबाईंकडूनच आले होते. ज्यांनी त्यांच्याकडून कधी साधी उशी नेली नव्हती त्यांनासुद्धा. रुपालीच्या हळदीला पहिलं बोट दुसऱ्या कुणाचं तरी लागलं.

कल्याणनं मात्र त्याच दुपारी फोन केला. स्नेहलनं विचारलं, माणसं किती होती? चार होती, म्हटल्यावर ती म्हणाली, बरं, आता लिहून घे. माहेरी बसून पोरगी नुसती रुसली नव्हती, तिनं सगळी तयारी करून ठेवली होती.

पहिलं, कुठलीच गादी या खोलीतून त्या खोलीत न्यायची नाही. न्यायची ती प्लास्टिकमध्ये बांधूनच. पांघरुणं, कपडे, खोळी उकळत्या पाण्यात, आणि वाळल्यावर पिशव्यांत तोंड बांधून. पलंगाचे सगळे स्क्रू काढून फळ्या सुट्या करायच्या, खाचांतून वाफ मारायची. भिंतीच्या भेगा, चौकटीमागच्या फटी रंगाऱ्याच्या लांबीनं बुजवायच्या. बाजेची सुतळी जाळायची. शेतातला पंप घरात आणायचा नाही. नगरहून घरातली फवारणी करणारा माणूस येईल, तो एकदा येऊन भागणार नाही, दोन आठवड्यांनी पुन्हा आला पाहिजे, कारण औषधानं अंडी मरत नाहीत आणि पिल्लं नंतर बाहेर पडतात. खोली रिकामी ठेवली की उपाशी मरतील, असंही समजायचं नाही. ते महिनोन्महिने वाट बघतात. त्यांना दुसरं काम नसतं.

गाद्यांसाठी तिनं शेततळ्याच्या प्लास्टिकचा उरलेला काळा कागद सांगितला. ज्या फारच माखल्यात त्या जाळा. बाकीच्या एकेक करून त्या कागदात गुंडाळायच्या, कडा चिकटपट्टीनं बंद, वैशाखाच्या उन्हात पत्र्यावर, आणि गादीच्या पोटात दुधाचं तापमान बघायचा थर्मामीटर. नुसत्या उन्हात टाकलेल्या गादीतला ढेकूण सावलीकडच्या बाजूला सरकतो आणि संध्याकाळी तुमच्याबरोबर घरात येतो. कागदाच्या आत, गादीच्या ऐन मध्यात आकडा पन्नाशीच्या वर जाऊन तासन्‌तास टिकला पाहिजे, मग उलटवायची, पुन्हा बघायचं. जाड गादीत तेवढी ऊब शिरली नाही तर तीही जाळायची.

जाळायच्या कुठल्या ते लंकाबाईंनी स्वतः ठरवलं. बहुतेक जाळल्या. राधाकृष्ण पंप घेऊन निघाले होते, त्यांना त्यांनी अंगणातून परत पाठवलं. थर्मामीटर वाचायला लंकाबाईंना आधी येत नव्हतं, मग येऊ लागलं, मग त्या कल्याणच्या वाचनावरही संशय घेऊ लागल्या.

फवारणीवाला दुसऱ्यांदा येऊन गेल्यावर लंकाबाई कल्याणला घेऊन संगमनेरला निघाल्या. पोराला आणायला. दारात विहीणबाई उभ्या, हातात धुतलेली साडी आणि काळी प्लास्टिकची पिशवी. अगदी गोड आवाजात त्यांनी सांगितलं की बाथरूम मागच्या अंगाला आहे, अंगावरचं सगळं या पिशवीत घालायचं, गाठ मारायची आणि पिशवी गच्चीवर. मग घरात यायचं. आयुष्यभर वरमाईच्या शेजारी बसलेल्या बाईला व्याह्यांच्या मागच्या दारी लुगडं बदलायला सांगणं, यासारखं सुख विहीणबाईंना मुलीच्या लग्नातही मिळालं नसेल. लंकाबाईंचा हात कमरेवर गेला. त्यांनी आत बघितलं. ओम चौकटीला धरून उभा होता, पायांवर, आणि त्यांना ओळखत नव्हता.

लंकाबाईंनी पिशवी घेतली.

साडी बदलून आल्या, व्याह्यांपुढे बसल्या आणि चहा हातात घ्यायच्या आधी म्हणाल्या की तुमची गादी चांगली हुती, आमी जाळली. व्याही संकोचले. म्हणाले, जाऊ द्या, गादी ती गादी. ती नुसती गादी नव्हती हे त्या दोघांनाही चांगलं ठाऊक होतं, पण व्याही सभ्य गृहस्थ.

ओमनं आजीला पाठ बघू द्यायला बराच वेळ लावला. पाठीवर काही नव्हतं. स्नेहल बॅग भरत होती, म्हणजे कपडे एकेका पिशवीत घालून तोंडं बांधत होती, आणि भरता भरता तिनं सांगितलं की दर आठवड्याला सगळ्या शिवणी, सगळे सांधे टॉर्च लावून बघायचे. पाहुणा आला तर त्याची पिशवी आधी ओट्यावर. बाहेरून आलेली गादी घरात नाही, कुणाचीही.

"आन आपल्याच घरी आपन परतलो तर?" लंकाबाईंनी विचारलं. "आपल्याच दारात लुगडं बदलायचं का मी?"

"हो आई. मीपण बदलेन."

लंकाबाईंनी पोराला कडेवर घेतलं, त्याच्या आईला म्हणाल्या की ऊन व्हायच्या आत निघू, आणि गाडीत जाऊन बसल्या.